एका वॉकमनचे दोन कान

पहिल्या दिवशी मी शेडच्या दारातूनच मागे फिरले होते. आत जणू कुणी पत्र्यावर दगडांचे ट्रक रिकामे करत होतं, थांबत नव्हतं, श्वासही घेत नव्हतं. छातीत धडधडायला लागलं. दातांच्या मुळाशी झिणझिण्या आल्या. माझ्याबरोबर आलेली आई माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, "चल घरी, दुसरं काहीतरी बघू." तेवढ्यात आतून एक बाई आली. डोक्याला करकचून फडकं बांधलेलं, भुवयांवर लाकडाचा भुसा. तिने काही न विचारता माझं मनगट धरलं आणि मला आत ओढत नेलं. ती काहीतरी बोलत होती, हसतही होती, पण मला तिचे नुसते ओठ हलताना दिसत होते.

तिला सगळे आक्का म्हणायचे. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. माहेर आणि सासर दोन्ही आणे गावच्या पठारावरचं. नवरा हायवेवर ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात कामाला, म्हणून दोघं मंचरच्या जवळ खोली घेऊन राहत होती. मी त्या भागातल्याच एका गावातली, दहावी झालेली, घरात बसून कंटाळलेली.

तो खिळ्यांचा कारखाना होता. मंचर सोडून नारायणगावकडे निघालं की हायवेच्या कडेला तेव्हा अशा बारक्या शेड खूप होत्या, नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका बाजूने तारेची बंडलं मशीनमध्ये जायची, मशीन तार ओढून, तोडून, ठोकून खिळा पाडायची. अशा मशीन ओळीने उभ्या. पण त्यांच्याहून भयंकर होता तो पॉलिशचा ड्रम. त्यात खिळे आणि भुसा घालून तासन् तास फिरवायचे, म्हणजे खिळे चकचकीत निघतात. हजारो खिळे लोखंडी पिंपात आपटत असतात, आणि आम्ही बायका त्या ड्रमपासून चार हातांवर लांबट बाकड्यावर बसून वाकडे खिळे, टोपी नसलेले खिळे निवडायचो.

त्या संध्याकाळी घरी आले तर कानात शिट्टी वाजत होती. आईने पाणी दिलं, काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "काय?" तिने परत विचारलं. मी परत म्हटलं, "काय?" आई घाबरली. मी तर तिच्याहून जास्त. सकाळी उठले तेव्हा शिट्टी गेली होती, कोंबड्याचं आरवणं ऐकू आलं, आणि मला वाटलं, गेलं, संपलं, कान ठीक झाला. पुढची कितीतरी वर्षं मी असंच समजत होते, की कान संध्याकाळी थकतो आणि सकाळी ताजा होतो, पायांसारखाच.

मालक मूळचे राजस्थानाकडच्या जैन कुटुंबातले, पण बाजारपेठेत त्यांच्या आजोबांपासूनचं लोखंडाचं दुकान. बोलायला आमच्याहून साफ मराठी. माणूस वाईट नव्हता. एकदा पुण्याहून येताना त्यांनी स्पंजचे पिवळे बोळे आणले, प्रत्येकाला दोन-दोन. स्वतः मध्ये उभे राहून दाखवलं: बोळा बोटांत वळायचा, कान वर ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत दाबून धरायचा. मशीनवरचे पुरुष हसले. एक म्हणाला, "शेठ, हे घातलं तर मशीन बिघडली ते कळणार कसं? आवाजावरनं तर वळखतो आमी." त्यांचे बोळे आठवड्याभरात खिशातून हरवले. आम्हा बायकांना मात्र ते आवडले. बोळा घातला की तो गदारोळ भिंतीपलीकडे गेल्यासारखा वाटायचा. फक्त ते तेलाने, भुशाने लगेच मळायचे आणि नवे मिळायला फार दिवस लागायचे.

मग भाऊबीज झाली आणि आक्का वॉकमन घेऊन आली.

तिचा भाऊ भोसरीला कंपनीत होता. त्याने ओवाळणीत घातला होता. काळा, वीटभर आकाराचा, कमरेला अडकवायची क्लिप, आणि डोक्यावरून घ्यायची तारेची पट्टी, तिच्या दोन टोकांना स्पंज लावलेल्या दोन चकत्या. आक्का दिवसभर तो पदराखाली लपवून बसली. जेवणाच्या सुट्टीत तिने तो बाहेर काढला तेव्हा सगळ्या बायका गोळा झाल्या. प्रत्येकीने डोक्याला लावून पाहिला. त्या ओढाओढीत पट्टी मधोमध तुटली. आक्काचं तोंड एवढंसं झालं. पण वाजत होतं दोन्हीकडून. मीच म्हटलं, "आक्का, एक तुकडा तू बांध, एक मी बांधते. फडक्याखाली. कोण बघतंय?"

तशी आमची सोय झाली. बाकड्यावर मी तिच्या डाव्या हाताला बसायची. तिची एक चकती तिच्या डाव्या कानावर, माझी माझ्या उजव्या. वायर आखूड, त्यामुळे दोघींची डोकी जवळ. आणि दुसऱ्या कानात पिवळा बोळा, तिच्या उजव्या, माझ्या डाव्या. कुठला कान कशाला हे ठरवायची वेळच आली नाही, कारण आक्काने पहिल्याच दिवशी खुणेने सांगून टाकलं होतं: तिला गाणं डाव्याच कानात पाहिजे. मला काय, मी सरकून बसले. एका कानात बोळा, एका कानात गाणं, दोन्ही झाकलेले. शिवाय दोघींचा एकेक बोळा शिल्लक राहायचा, म्हणजे पुढे वापरायला. मुकादम आधी कुरकुरला, पण निवड पहिल्यापेक्षा भराभर व्हायला लागली तसा गप्प झाला. मालकांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बरं आहे, कान झाकलेले बरे. फक्त मशीनवरच्यांनी हे करायचं नाही." आम्हाला तर शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं.

पहिलं गाणं लागलं तो क्षण मला अजून आठवतो. कानावर कुणी चापट मारावी तसं झालं. मी दचकून मान मागे घेतली, तर वायरीने आक्काच्या कानावरची चकती निसटली. तिने ती पुन्हा नीट बसवली आणि माझ्याकडे बघून खुणेने विचारलं, येतंय का ऐकायला? तिचा चेहरा असा काही उजळला होता की मी मान डोलावली. आवाजाची चाकी तिच्या कमरेशी, वॉकमन तिचा, भावाने दिलेला. कमी कर असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. आणि चार-आठ दिवसांत तर तो आवाज मोठा वाटेनासाच झाला. मला वाटलं सवय झाली.

बाजारात एका दुकानात पाहिजे ती गाणी कॅसेटवर भरून मिळायची. चिठ्ठीवर गाण्यांची पहिली ओळ लिहून द्यायची आणि पुढच्या आठवडी बाजाराला कॅसेट घेऊन जायची. आक्काला लग्नातली आणि सिनेमातली हवी असायची. मी एप्रिल जवळ आला की जयंतीची गाणी भरून आणायची, तीही तिला पाठ झाली. आम्ही दोघी गळा काढून गायचो. त्या शेडमध्ये कुणाला कुणाचं काही ऐकू जात नव्हतं, तेव्हा लाजायचं कारण नव्हतं. शेजारची बाई आमची तोंडं बघून पोट धरून हसायची. आक्काच्या गाण्याचा आवाज कसा होता हे मला आजही सांगता येणार नाही. मी तो ऐकला नाही, नुसता पाहिला.

काही वर्षं अशी गेली. मग माझं लग्न ठरलं आणि मी नारायणगावला आले. आक्काची सासू अंथरुणाला खिळली म्हणून ती दोघं आण्याला परत गेली. पुढे ती शेडही बंद पडली. एकदा आण्याच्या यात्रेला आमटी-भाकरीच्या गर्दीत आम्ही भेटलो, गळ्यात पडलो, दोन शब्द बोललो, तेवढंच.

मग घरोघरी मोबाईल आले. आमच्याकडेही आला, माझ्या नवऱ्याने घेतला. त्याची नारायणगावात शिलाईची दोन मशीनं टाकलेली, गिऱ्हाइकांचे फोन असायचे. मी फोन नेहमी डाव्या हाताने उचलायची. उजव्या हातात झारा नाहीतर कात्री असायची, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

एकदा तव्याने डाव्या तळहाताला चांगलंच भाजलं. पट्टी बांधली. दुपारी फोन वाजला, नणंदेचा होता. मी उजव्या हाताने उचलला आणि उजव्या कानाला लावला. "हॅलो." काही नाही. "हॅलो, बोला ना." काही नाही. मी फोनकडे बघितलं, आकडे पळत होते, म्हणजे चालू होता. पुन्हा कानाला लावला. दूर विहिरीत कुणीतरी पुटपुटतंय असं काहीतरी. मी वैतागून म्हटलं, "बिघडला वाटतं हा," आणि मुलीकडे दिला. ती तेव्हा दुसरीत होती. तिने कानाला लावला आणि लगेच, "हां आत्या, बोल... नाही, आई इथंच आहे... तिला ऐकूच येत नाही!" असं म्हणून खिदळायला लागली.

मी तिच्या हातातून फोन घेतला. उजव्या कानाला लावला, काही नाही. डाव्या कानाला लावला आणि नणंदेचा आवाज खणखणीत आला, "काय गं, झोपली होतीस का?"

मी फोन खाली ठेवला. मग बसल्या जागी डाव्या कानात बोट घातलं. घर नाहीसं झालं. पंखा फिरत होता, आवाज नव्हता. पुढच्या खोलीत शिलाई मशीन चालू होतं, मला नवऱ्याचा पाय हलताना दिसत होता, आवाज नव्हता. मुलगी समोर उभी राहून काहीतरी विचारत होती. मी बोट काढलं आणि सगळं धाडकन परत आलं. पुन्हा घातलं, पुन्हा गेलं. असं मी किती वेळा केलं कोण जाणे. मुलगी रडायला लागली तेव्हा थांबले. एवढं मोठं काहीतरी माझ्याच डोक्याच्या एका बाजूला होतं आणि मला पत्ता नव्हता! कधी गेला हा कान? काल? मागच्या वर्षी? रोज त्या कानात मी कुडी घालत होते, तो धूत होते, पुसत होते.

नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी आधी बॅटरीने कानात पाहिलं, मळ नव्हता. मग एका बंद खोलीत बसवलं. कानाला मोठ्या चकत्या लावल्या, हातात बटण दिलं. टीप असा आवाज आला की दाबायचं. डाव्या कानाचं झालं. मग काचेपलीकडची मुलगी म्हणाली, "आता उजवा." मी बटणावर अंगठा ठेवून बसले. वाट बघत राहिले. बराच वेळ गेला म्हणून मी काचेकडे बघून विचारलं, "सुरू करताय ना?" ती माझ्याकडे जरा विचित्र बघत होती. ती म्हणाली, "ताई, झालं."

डॉक्टरांनी कागद समोर धरला. एक रेघ वर, दुसरी घसरत पार तळाशी गेलेली. त्यांनी विचारलं, "उजव्या कानाजवळ फटाका वगैरे फुटला होता का? कधी मार लागला होता?"

"नाही."

"आवाजाच्या ठिकाणी काम केलंय?"

मी खिळ्यांच्या कारखान्याचं सांगितलं. ते म्हणाले, "पण मग दोन्ही कान जायला पाहिजेत. एकच कसा?"

"आम्ही कान झाकायचो," मी म्हटलं. "मालकांनी बोळे दिले होते. एका कानात बोळा घालायचो आणि दुसऱ्या..."

आणि माझं तोंड उघडंच राहिलं. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. नवरा बघत होता.

"दुसऱ्या कानात काय?" डॉक्टर म्हणाले.

"गाणी," मी म्हटलं. "वॉकमन."

त्यांनी कागद खाली ठेवला. नंतर जे सांगितलं ते आवाज न चढवता, एखाद्या मुलीला समजवावं तसं. एवढ्या मशीनच्या आवाजात गाणं ऐकू यायचं म्हणजे ते मशीनहून मोठं लागणार. आणि ते थेट कानात. बोळ्याने आवाज अडतो. गाण्याने अडत नाही, मशीनचा आवाज असतोच, वर आणखी एक पडतो. "तुम्हाला वाटलं कान झाकलाय," ते म्हणाले. आतली नस गेली होती. ती परत येत नाही, औषधाने नाही, ऑपरेशनने नाही.

बाहेर येऊन मी पायरीवरच बसले. मला कुणी फसवलं नव्हतं. कुणी मारलं नव्हतं. त्या सगळ्या वर्षांतली सर्वांत सुखाची गोष्ट कुठली असं मला कुणी विचारलं असतं तर मी तीच सांगितली असती, त्या बाकड्यावरची गाणी. आणि कान गेला तो त्यानेच? नवरा म्हणाला, "चल, चहा पिऊ." मी त्याला म्हटलं, "आक्काचा डावा कान."

चार दिवसांनी मी आण्याला गेले. आळेफाट्याला एसटी बदलली, बेल्हे मागे टाकलं, घाट चढून गाडी पठारावर आली. बाहेर बघत होते पण डोळ्यांपुढे काही नव्हतं. माझ्या मनात एकच, की तिचाही गेला असणार आणि तिलाही माहीत नसणार, हे तिला कसं सांगायचं.

आक्का अंगणात बसून मटकी पाखडत होती. मला बघून सूप बाजूला टाकलं, "आगं बया! कुनीकडनं उगावलीस?" म्हणत उठली. केस पांढरे व्हायला लागले होते. पाणी झालं, चहा झाला. मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते आणि बघत होते की मी बोलायला लागले की ती अख्खं तोंड माझ्याकडे वळवते.

"आक्का," मी म्हटलं, "तुझा डावा कान... तुला त्यातनं ऐकू येतं का?"

"त्यो?" ती म्हणाली. "त्यो तर ल्हानपनीच ग्येलाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"म्हणजे?"

"फुटला व्हता. वहायचा सारखा. माझ्या आईनं काय काय घातलं त्यात, त्येल घातलं, लसून घातला. त्यातनं काय येत न्हाई ऐकाया, येकदम जोरात बोललं तरच." तिने आत एक नजर टाकली, घरात कुणी नाही हे पाहिलं. "लगीन जमताना कुनाला सांगितलं न्हाई. मालकाला बी न्हाई सांगितलं, कामावर घेतलं नसतं. म्हनून तर त्यो पिवळा बोळा मी उजव्यात कोंबायची. येकच तर हाय, त्यो तरी जपाया नगं?"

"आणि गाणं डाव्यात..."

"हां." ती हसली, अगदी शेडमधल्या पहिल्या दिवसासारखी. "त्या कानात कुनी कदी काय बोललंच न्हवतं गं. भावाचा वाकमन लावला, चाकी पार शेवटाला न्हेली, आन पयल्यांदा त्या कानात कुनीतरी आलं. काय सांगू तुला! लई वर्सांनी बंद खोली उघडावी तसं वाटायचं मला."

चाकी शेवटाला होती ती तिच्या बहिऱ्या कानासाठी. आणि तोच आवाज, तेवढाच, त्याच वायरीतून माझ्या चांगल्या कानात येत होता. रोज, दिवसभर.

मी तिला सांगितलं. फोनचं, बंद खोलीचं, कागदावरच्या रेघेचं, डॉक्टर काय म्हणाले ते. आधी तिला कळलंच नाही. मग तिचा हात मटकीत गेला तो तिथेच थांबला.

"तुला मोठा वाटत व्हता?"

"पहिल्या दिवशी."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुझा वॉकमन होता आक्का. तू एवढी खूश होतीस."

"आगं पर बोलायचं!"

"तू बोलली होतीस का?" मी ताडकन म्हटलं. "एक कान नाही म्हणून सांगितलं होतंस का मला? मला तरी सांगायचं होतंस!"

तिने सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. तिचा नवरा शेतातून आला, जेवून जा म्हणाला. मी गाडीची वेळ झाली म्हणून उठले. आक्का स्टँडपर्यंत माझ्यामागून चालत आली. गाडी सुटली तेव्हा मी मागे वळून पाहिलं नाही. मला भयंकर राग आला होता, आणि तो कुणावर करायचा हे कळत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सकाळी दारात आक्का उभी. हातात पिशवी, तिच्यात मटकी आणि बाजरी. चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "मला तुज्या डाक्टरकडं न्हे. माजा बी कान तपासू दे. मला काय झोप येत न्हाई."

नेलं. तीच बंद खोली, तेच बटण. मग डॉक्टरांनी आत बॅटरी घालून बराच वेळ पाहिलं, दुसऱ्या एका यंत्राने कानामागच्या हाडावर काहीतरी लावून पुन्हा तपासलं. मी बाजूलाच उभी होते.

"मावशी," ते आक्काला म्हणाले, "तुमच्या कानाची नस चांगली आहे. नुसतं पडद्याला भोक आहे, मोठं. ते बंद करता येतं. ऑपरेशन केलं तर बरंच ऐकू येईल तुम्हाला."

आम्हा दोघींना ते समजायला वेळ लागला. मी विचारलं, "पण डॉक्टर, वॉकमन तर तिच्याही कानात तेवढाच लागत होता."

ते म्हणाले, "पडदाच फाटलेला, त्यामुळे आवाज आतपर्यंत पुरता पोचतच नव्हता. नस वाचली त्यामुळे."

म्हणजे जो कान तिने लहानपणापासून मेला म्हणून सोडून दिला होता तो बरा होणार होता. आणि माझा, ज्याला काहीच झालेलं नव्हतं, तो कायमचा गेला होता. आम्ही बाहेर आलो आणि दवाखान्याच्या ओट्यावर बसलो. आक्का म्हणाली, "मला नगं ह्ये आप्रेशन. तुजा जायाचा आन माजा यायाचा, आसं कुटं आसतं का? मला न्हाई झेपायचं."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही वाटलं, नकोच करू दे. एवढं वाटून गेलं, आणि मग तिच्याकडे बघितलं. ती पदर तोंडात धरून रडत होती, रस्त्यावरची माणसं बघत होती. मी म्हटलं, "आक्का, माझा कान काय तू नेऊन तुझ्या डोक्याला लावलेला नाय. तुझा तुझाच आहे. गप कर ऑपरेशन."

पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात झालं ते. तिच्या नवऱ्याला कांद्याची काढणी सोडून राहता येईना, म्हणून तिच्याजवळ मी राहिले. डोक्याला गोल पट्टी बांधून ती खाटेवर पडलेली असायची, आणि मी तिच्या उजव्या बाजूला स्टूल घेऊन बसायची. दोघींनाही एकेकच कान चालू, म्हणून बसायची जागा नीट बघून ठरवावी लागायची. याचं आम्हाला हसूही आलं.

काही आठवड्यांनी कानातलं भरण काढायला पुन्हा गेलो. डॉक्टरांनी चिमट्याने एक लांबलचक पट्टी ओढून काढली. आक्काने डोळे मिटून घेतले होते. ते उघडले तेव्हा तिने आधी त्या डाव्या बाजूला मान वळवली, जिथे एक नर्स स्टीलच्या ट्रेमध्ये काहीतरी ठेवत होती. मग खिडकीकडे. मग माझ्याकडे. बाहेर व्हरांड्यात येऊन बाकावर बसलो तेव्हा ती म्हणाली, "किती गलका हाय गं हितं! माणसं राहत्यात कशी ह्यात?"

मी तिला गोळ्यांचं सांगायला लागले, कुठली सकाळी, कुठली जेवल्यावर. तिने एकदम माझ्या तोंडावर हात ठेवला.

"आगं, वरडतीस कशाला? सगळी बगाया लागली."

"मी कुठे ओरडतेय?"

"वरडतीस न्हाई तर काय!"

मला खरं वाटेना. बाकावर पलीकडे एक बाई बसली होती, ओळख ना पाळख. मी तिला विचारलं, "अहो ताई, मी ओरडून बोलतेय का?" ती बिचारी अवघडली. मग म्हणाली, "जरा मोठा आहे तुमचा आवाज."

आक्काला आण्याच्या एसटीत बसवून मी घरी आले. नवरा मशीनवर होता, पायजम्याच्या नाडीची पट्टी शिवत होता. मी दारातच उभी राहून त्याला विचारलं, "मी ओरडून बोलते का?"

त्याने पाय थांबवला. "हो," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"लग्न झालं तेव्हापासून."

मी तिथेच उंबऱ्यावर टेकले. लग्न झालं तेव्हापासून! म्हणजे मी या घरात आले ती कान घालवूनच आले होते. मुलगी झाली, तिचं पहिलं रडणं, तिचे बोबडे बोल, सगळं मी एकाच कानाने ऐकलं होतं आणि पुरतं ऐकलं असं समजत होते.

"मग सांगितलं का नाही तुम्ही मला एवढ्या वर्षांत?"

तो जरा ओशाळला. हातातली कात्री उगाच उघडझाप करत म्हणाला, "आम्हाला वाटलं तुझा आवाजच तसा आहे. आई म्हणायची, उघड्या रानातल्या गावची पोर आहे, त्यांचं बोलणं असंच असतं."

आता मी हळू बोलायचा प्रयत्न करते. इतकं हळू होतं की मुलगी म्हणते, आई, काय पुटपुटतेस, नीट बोल. कानात घालायचं मशीन आणून बघितलं, उजव्या कानात त्याची नुसती खरखर होते, म्हणून काढून ठेवलं. कुणी हाक मारली तर कुठून मारली ते कळत नाही, मी गोल फिरून बघते. नारायणगावचा हायवे ओलांडताना मुलगी माझ्या उजव्या हाताला येऊन उभी राहते, न सांगता. आक्का दर पंधरा दिवसांनी फोन करते. तिचा आवाज खूप बारीक झालाय, मोठ्याने बोललेलं तिला आता सोसत नाही म्हणे. मी फोन डाव्या कानाला घट्ट दाबून धरते आणि म्हणते, "आक्का, जरा जोरात."